कुशीतलं दुखणं

सकाळी ७.०० : दादा डायलिसिसच्या मशीनवर. जवळपास तीन किलो पाणी काढायचं होतं. आठवड्यातून तीनदा, अशी आठ वर्षं. फिश्चुलात दोन सुया गेल्या, हेपॅरिन सोडलं. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून ते देतात, पण ते नळ्यांपुरतं थांबत नाही, अंगभर रक्त पातळ करतं.

१०.४० : डावी कूस दुखायला लागली. "उसण भरली असेल," दादा म्हणाला.

११.१५ : सुया काढल्या. एरवी दहा मिनिटं कापूस दाबला की भागतं. आज वीस मिनिटांनीही कापूस लाल होत होता.

दुपारी १.३० : जेवला नाही. वहिनीने शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली.

३.१५ : बीपी ९०/६०. सेंटरला फोन केला. "पाणी जास्त निघालं असेल, पाय उंच करून झोपवा." बहुतेक वेळा तेच असतं, म्हणून आम्हीही मानलं. पण पाणी जास्त निघालं म्हणून एकच कूस पाच तास दुखत नाही. हे तेव्हा कुणीतरी बोलायला हवं होतं.

आत काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या आक्रसलेल्या किडनीत पाण्याच्या गाठी होतात. त्यांच्या भिंतीतली एखादी नाजूक रक्तवाहिनी मार न लागताही फुटते. हेपॅरिनचा अंमल काही तासांत उतरतो, पण किडनी फेल झालेल्यांच्या प्लेटलेट मुळातच नीट चिकटत नाहीत. रक्त किडनीभोवतीच्या चरबीत साठत जातं. जर्मन डॉक्टर वुंडरलिख यांनी १८५६ मध्येच या रक्तस्रावाचं वर्णन केलं होतं. लघवी लाल झाली असती तर आम्ही धावलो असतो, पण दादाला लघवी होणंच कधीचं बंद झालं होतं.

संध्याकाळी ६.३० : गार घाम. कुशीवर हात ठेवला तर ती टणक लागली, फुगलेली.

७.२० : कॅज्युअल्टी. बीपी ७०. हिमोग्लोबिन साडेनऊवरून साडेपाचवर.

८.०५ : सिटी स्कॅनमध्ये किडनीभोवती रक्ताचा मोठा गोळा. मांडीतून नळी घालून फुटलेली रक्तवाहिनी आतून बंद करायची ठरली. कॅथलॅबच्या माणसांना घरून बोलावलं.

८.५० : नाडी लागेना. रक्ताची दुसरी पिशवी अर्धी चढली होती.