सिक्स-स्टेप शिकायला काय लागतं? सहा फूट जमीन!

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 2024 साली ब्रेकिंग आलं तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. 'जमिनीवर लोळण्याला मेडल?' असंही ऐकलं. म्हणून हे ‘लोळणं’ आलं कुठून, ते सांगतो.

न्यूयॉर्कचा ब्रॉंक्स भाग. रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याने तिथल्या वस्त्यांमधून क्रॉस ब्रॉंक्स एक्सप्रेसवे काढला. हजारो कुटुंबं उठली. पुढे 1970च्या दशकात दक्षिण ब्रॉंक्समध्ये इमारतींमागून इमारती जळत होत्या आणि पालिका पैसे नाहीत म्हणून फायर स्टेशनं बंद करत होती.

याच एक्सप्रेसवेजवळ 1520 सेजविक अव्हेन्यू ही इमारत. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. तिने इमारतीचा कॉमन हॉल भाड्याने घेऊन पार्टी ठेवली. तारीख 11 ऑगस्ट 1973. तिकीट मुलींना 25 सेंट, मुलांना 50. गाणी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क.

हर्कच्या लक्षात आलं होतं, की गाण्यात गाणारा थांबून नुसता ढोल-ताशा उरतो, त्या ‘ब्रेक’वर पोरं सगळ्यात जास्त नाचतात. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तुकडा लांबवायला लागला. त्यावर नाचणारे ते बी-बॉय, बी-गर्ल.

यातली नवशिक्याला बहुतेक आधी शिकवतात ती स्टेप म्हणजे सिक्स-स्टेप. उकिडवं बसायचं, हात जमिनीला टेकवायचे, कंबर उचललेली ठेवायची आणि सहा पावलांत पायांनी अंगाभोवती पूर्ण गोल फिरायचं. पाय आडवा आला की तो हात उचलायचा, दुसऱ्यावर भार घ्यायचा. आधी सावकाश, मोजून. वेग नंतर आपोआप येतो. बूट महागाचे नकोत, क्लासची फी नको. फरशी टोचते म्हणून तिथली पोरं पुठ्ठा अंथरायची.

आता मुद्द्याचं. ज्यांच्याकडून शहराने सगळं काढून घेतलं, त्यांना एक उघडा हॉल मिळाला आणि त्यातून जगभर पोचलेली कला उभी राहिली. आपल्याकडे धारावीतल्या पोरांनीही हे शिकून दाखवलंय.

आणि आपल्या गल्लीत? समाजमंदिराला कुलूप, सोसायटीच्या हॉलला ‘फक्त लग्नासाठी’, मैदानात पार्किंग. वर आपणच म्हणतो, पोरं मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत.

येत्या वॉर्डसभेत एवढंच विचारा: समाजमंदिराची किल्ली कोणाकडे आहे, आणि संध्याकाळी दोन तास ती पोरांना का मिळत नाही?