नाशकांतील यात्रेकरूंचा उतारा

नाशिक क्षेत्रीं उतरावें कोठें, हा प्रश्न जुन्या यात्रेकरूस फारसा पडत नसे. येतांच त्यास विचारीत तें गांव आणि आडनांव. त्यावरून घराण्याचा तीर्थोपाध्याय ठरे व त्याच्याच वाड्यांत पथारी पडे. उपाध्यायाच्या नामावळीच्या चोपडींत पूर्वीं येऊन गेलेल्या आजापणजांचीं नांवें निघत आणि परक्या गांवीं घरचें माणूस भेटल्यासारखें वाटे. रामकुंडावरील स्नानास पंचवटी जवळ, बाजारहाटास पैलतीरींचें जुनें गांव सोयीचें. परंतु निवड यात्रेकरूची नसे, चोपडीची असे.

१८६० नंतरच्या दशकांत आगगाडी आली. स्टेशन गांवापासून पांचसहा मैल दूर. तेथून पुढें टांगा. आतां चोपडींत नांव नसलेलेहि प्रवासी येऊं लागले. दानशूरांच्या धर्मशाळांचें महत्त्व वाढलें व बिऱ्हाड निवडण्याची सोय झाली.

ती सर्वांस मात्र नव्हती. चोपडी जें दार उघडी, तेंच जात मिटवी. अस्पृश्य मानलेल्यांच्या वाट्यास बहुधा उघडा नदीकांठच येई. २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं काळाराम मंदिरापुढें सत्याग्रह सुरू झाला. तो पांच वर्षें चालूनहि दार उघडलें नाहीं. स्वतःसाठीं घर न बांधणाऱ्या गाडगेबाबांनीं नाशकांत धर्मशाळा उभारली, तिचें मोल या पार्श्वभूमीवर कळतें.

पाहुण्यास नांवगांव अवश्य विचारावें. पण तें वहींत लिहून घेण्यासाठीं, दार लावून घेण्यासाठीं नव्हे.