करवीर मुलखातील उद्योगदीक्षा

आळसाची निंदा महाराष्ट्राला कोणा परक्याने शिकवावयास नको होती; समर्थांनी ‘दासबोधा’त यत्नाचा महिमा वारंवार गाइला होता आणि पोथी ऐकणाऱ्या प्रत्येक खेड्यात तो पोहोचलाही होता. म्हणून सन १८५२ मध्ये रेव्हरंड रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन धर्मोपदेशक सपत्नीक कोल्हापुरास येऊन राहिले, तेव्हा त्यांनी या नगरीस उद्योगाचा उपदेश प्रथमच ऐकविला, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. त्यांनी आणली ती प्रत्येक दिवसाचा हिशेब थेट ईश्वरापाशी द्यावयाचा आहे ही जाणीव, आणि त्या जाणिवेला टिकवून धरणारा प्रार्थना, वाचन व श्रम यांचा नित्यक्रम.

या नित्यक्रमाची पहिली कसोटी खुद्द वाइल्डर यांच्या आयुष्यात लागली. शाळांच्या प्रश्नावर त्यांचा आपल्याच मिशनरी मंडळाशी मतभेद झाला, संबंध तुटला, तरीही १८६१ मध्ये ते स्वतंत्रपणे कोल्हापुरास परतले. पुढे १८७० मध्ये त्यांची कोल्हापूरची मिशन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेली. त्यांच्या सुमारे ३० वर्षांच्या सेवेत ३,००० हून अधिक शहरांत व खेड्यांत उपदेश झाल्याची नोंद आहे. स्वदेशी घालविलेली वर्षे वजा न करताही हे प्रमाण वर्षाला शंभर गावे, म्हणजे आठवड्याला जवळजवळ दोन, असे पडते. त्या काळच्या वाटा, ओढे आणि या प्रांताचा पावसाळा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्यामागची चिकाटी निराळी सांगावयास नको. शिवाय मराठी बायबलच्या भाषांतराचे व शुद्धीकरणाचे काम होतेच. क्षणिक उत्साहाने एवढे कार्य होत नाही. कंटाळा आलेल्या दिवशीही ठरलेल्या वेळी उठणाऱ्या माणसाकडूनच ते होते.

त्यांचा पुत्र रॉबर्ट याचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरातच झाला. पुढे प्रिन्स्टन येथे तो व त्याची भगिनी ग्रेस नेमाने एकत्र प्रार्थनेस बसत, आणि १८८६ मध्ये उदयास आलेल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीच्या मुळाशी हा नेम होता.

परंतु या इतिहासाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे तो कोडोलीसारख्या गावांतील, अस्पृश्य गणलेल्या जातींतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचा. या लोकांवर आळशीपणाचा शेरा मारणारे अंमलदार आणि क्वचित मिशनरीही एक गोष्ट विसरत. ज्याला पाटलाचा सांगावा येताच हातचे काम टाकून सरकारी बोजा वाहावा लागे, निरोप घेऊन परगावी धावावे लागे, आणि त्याबदली पदरात पडे ते बलुत्याचे चार पसे धान्य किंवा वतनाचा कोरडवाहू तुकडा, त्याचा दिवस त्याचा नव्हताच. मग तो दिवस त्याने वाया घालविला, हा आरोप कोणत्या न्यायाने करावयाचा? अशा माणसाला पहाटेची प्रार्थना, मुलाच्या हातची पाटी, आणि रविवारचा विसावा या गोष्टी नुसता नियम म्हणून भेटल्या नाहीत. रविवारी काम न करण्याचा हक्क आपणासही आहे, ही कल्पना वेठीच्या शिरस्त्याला आतून पोखरणारी होती. ज्याला विसावा आपला म्हणता येतो, त्यालाच श्रमही आपला वाटतो. आणि आपल्या श्रमाची टाळाटाळ कोणी करीत नाही.

श्रद्धेने मन उभे केले तरी कायद्याचे जोखड श्रद्धेला एकटीने उतरविता येत नव्हते. ते काम दरबारचे होते, आणि छत्रपती शाहू महाराजांनी ते अंगावर घेतले: ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या वसतिगृहास आश्रय दिला, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम काढला आणि १९१८ मध्ये महार वतने खालसा करून त्या जमिनी रयतावा केल्या. करवीरचा इतिहास लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे की, जुन्या दफ्तरात या समाजाविषयी ‘आळशी’ असा शब्द आढळेल, तेथे तो उतरवून घेण्यापूर्वी त्या सालचा वेठीचा हिशेब एकदा तपासावा.