साप्ताहिक सुट्टी (मुंबईचे गिरणी कामगार)

आठवड्यातून एक दिवस सर्वांनी एकदम काम थांबवण्याची, मुंबईच्या कापड गिरण्यांत १० जून १८९० रोजी मान्य झालेली पद्धत. तिचा वार रविवार.

शेतीत विसावा सणावारांशी बांधलेला असे. अनेक गावांत सोमवारी बैलांच्या मानेवर जू ठेवत नसत. गिरणीत मात्र दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचे चालत आणि खाडा झाला की मजुरी बुडे. १८८१च्या कारखाना कायद्याने लहान मुलांना महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. मोठ्या माणसांच्या सुट्टीचा विचारच केला नाही.

हा प्रश्न धसाला लावला तो नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांनी. ते जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात जखमी झालेल्याला भरपाई, या मागण्या त्यात होत्या. अर्ध्या तासासाठीही अर्ज करावा लागावा, यातच कामाच्या दिवसाची लांबी कळते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. ही गोष्ट विशेष नोंदवायला हवी, कारण गिरणीचा भोंगा थांबला तरी चूल आणि पाणी त्यांच्याच वाट्याला होते. पुढे दीड महिन्यात गिरणीमालक संघाने मागणी मान्य केली. १८९१च्या कारखाना कायद्याने तिला आधार दिला. रविवार हा खंडोबाचा वार असल्याने तो कामगारांना जवळचा होता, असेही सांगितले जाते.

१९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या कामाला ४८ तासांची मर्यादा घातली. महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा दिला, पण रोजची वेळ वाढवून. पोलीस, रुग्णालये यांसारख्या सेवा त्यातून वगळल्या. रोजंदारीवरच्या माणसाला सुट्टीच्या दिवशी बहुधा आजही मजुरी मिळत नाही.

सुट्टी मिळाली तरी ती सर्वांची एकत्र असतेच असे नाही. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखाने गुरुवारी बंद असतात. तिथे मुले रविवारी घरी, वडील गुरुवारी. दोघांची सुट्टीच्या दिवशी गाठ पडते ती सणालाच.