सॉफ्टवेअर-नियंत्रित जालाकडे क्रमिक संक्रमण
प्रत्येक राउटरमध्ये विखुरलेला मार्गनिर्णयाचा अधिकार, चालू दळणवळण खंडित न करता, टप्प्याटप्प्याने मध्यवर्ती नियंत्रकाच्या अंमलाखाली आणण्याची नियोजनपद्धती. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओपनफ्लो संकेताने (पहा : ओपनफ्लो) तिला चालना मिळाली. गूगलने आपली विदाकेंद्रे जोडणाऱ्या ‘बी-फोर’ जालात २०१० पासून नवे स्विच बसविले. परंतु शेजारच्या जुन्या राउटरांशी त्यांचा व्यवहार बीजीपी व आयएस-आयएस या रूढ नियमांनीच (पहा : मार्गनिर्देशन) चालू राहिल्यामुळे बाहेरून पाहता काहीच पालटले नव्हते, आणि हेच या पद्धतीचे मर्म होय. केंद्रीय वाहतूक-नियोजन त्यानंतर लागू होऊन कित्येक दुव्यांचा वापर १०० टक्क्यांच्या निकट पोहोचला. नियोजनात बिघाड उद्भवल्यास तात्काळ माघार घेता यावी, म्हणून लघुतम मार्गाची जुनी तरतूद मात्र कायम ठेवण्यात आली.