शब्दवेध : व्हिस्की
महाराष्ट्रातून परदेशी गेलेलं कुणी स्कॉटलंडमध्ये स्पे नदीकाठच्या व्हिस्की महोत्सवाला गेलं, तर पेल्यातला शब्द घरचाच निघेल. गेलिक भाषेतलं मूळ नाव ‘उश्क बेहा’, म्हणजे जीवनाचं पाणी. लॅटिन ‘अक्वा व्हिटे’चा तो शब्दशः अनुवाद. स्कॉटलंडच्या १४९४ च्या राजदरबारी हिशेबवहीत फ्रायर जॉन कॉर यांना ‘अक्वा व्हिटे’ गाळण्यासाठी माल्ट दिल्याची नोंद आहे. पुढे इंग्रजीत ‘बेहा’ गळालं, ‘उश्क’ची व्हिस्की झाली. मला खरा आनंद होतो तो याच्याही मागे गेल्यावर. संकल्पाला आपण सोडतो ते ‘उदक’ आणि हे ‘उश्क’ एकाच इंडो-युरोपीय मुळाचे. रशियन व्होडकाही त्याच कुळातली. ‘बेहा’चं नातं थेट ‘जीव’शी. आणि संस्कृतात तर ‘जीवन’ म्हणजेच पाणी!