एइशिन संप्रदायाची गुरुपरंपरा व तिच्या दोन शाखा

(१) वंशावळ व गुरुपरंपरा हीं साधनें इतिहासज्ञास जितकीं उपयोगी तितकींच फसवीं आहेत. वतनाच्या तंट्यांत हजर केलेल्या करीन्यांत मूळ पुरुष नेतां येईल तितका मागें नेलेला असतो. आणि ज्या घरांत कागद राहिला तें घर वडीलपणाचा हक्क सांगूं लागतें. कागदपत्रांच्या संग्राहकांस हा अनुभव नवा नाहीं. हाच प्रकार जपानांतील एका जुन्या खड्गसंप्रदायाच्या बाबतींत कसा घडला, व तेथील एका हस्तलिखितानें भाऊबंदकीच्या या वादावर कोणता प्रकाश पडतो, हें थोडक्यांत मांडण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ज्या विद्येस जपानी लोक ‘इआई’ म्हणतात, तींत तलवार म्यानांतून उपसणें व वार करणें या दोन क्रिया निराळ्या मानीत नाहींत. शत्रू अंगावर आला असतां, बसल्या जागेवरून, उपसतांच पहिला वार लागला पाहिजे, असा तिचा मुख्य कटाक्ष आहे. या विद्येचे अनेक संप्रदाय झाले. त्यांपैकीं ‘मुसो जिकिदेन एइशिन र्यू’ या नांवाचा संप्रदाय शिकोकू बेटावरील तोसा संस्थानांत, म्हणजे हल्लींच्या कोची प्रांतांत, वाढला. ‘र्यू’ या शब्दाचा मूळ अर्थ प्रवाह असा आहे. आणि प्रवाहास फांटे फुटावयाचेच.

(२) संप्रदायाच्या याद्यांत मूळ पुरुष म्हणून हायाशिझाकी जिन्सुके शिगेनोबु याचें नांव येतें. त्याचा जन्म सन १५४२ च्या सुमाराचा मानितात. बापाच्या खुनाचा सूड घेण्याकरितां त्यानें उत्तरेकडील देवा प्रांतांत, हल्लींच्या यामागाता प्रांतांत, देवस्थानीं अनुष्ठान केलें व तेथें त्यास ही विद्या साक्षात्कारानें मिळाली, अशी कथा आहे. त्या ठिकाणीं हायाशिझाकीच्या नांवाचें देऊळ आजही आहे. त्याच्यापुढें दुसरा तामिया हेइबेई, तिसरा नागानो मुराकुसाई, चौथा मोमो गुन्बेई, पांचवा आरिकावा शोझाएमोन, सहावा बान्नो दान्एमोन, सातवा हासेगावा चिकारानोसुके, आठवा आराई सेइतेत्सु व नववा हायाशी रोकुदायू मोरिमासा, असा क्रम लावितात. येथपर्यंत दोन्ही शाखांचा एकच पाठ आहे. म्हणून पाठभेद नाहीं. परंतु पाठभेद नाहीं एवढ्यानें पाठ शुद्ध ठरत नाहीं.

पहिली अडचण नांवांच्या वाचनाची आहे. जपानी लोक विशेषनामें चिनी चित्राक्षरांनीं लिहितात, व एकाच अक्षराचे उच्चार अनेक होतात. सातव्या पुरुषाचें नांव देशी उच्चारानें हिदेनोबु होतें. तींच दोन अक्षरें चिनी वळणानें वाचलीं म्हणजे ‘एइशिन’ होतात. संप्रदायाचें नांव या दुसऱ्या वाचनावरून पडलें आहे. हें ज्यास ठाऊक नाहीं तो हिदेनोबु व एइशिन हे दोन पुरुष समजून परंपरेंत एक पिढी वाढवील. तामिया यास संप्रदायाच्या याद्यांत नारिमासा म्हटलें आहे. पण सन १७१६ त छापलेल्या ‘होन्चो बुगेई शोदेन’ या वीरचरित्रसंग्रहांत त्याचें नांव शिगेमासा असें येतें. अगदीं अलीकडचा सतरावा पुरुष ओए यास कोणी मासाजी म्हणतो तर कोणी मासामिची. मोडी कागदांत ऱ्हस्वदीर्घ व काना गाळल्यामुळें एका नांवाचीं दोन नांवें होतात, त्यांतलाच हा प्रकार समजावा.

दुसरी अडचण कालाची आहे, व ती अधिक गंभीर आहे. सातवा पुरुष हासेगावा यानें तोयोतोमी हिदेयोशी याचेपुढें आपली कला दाखविली व ‘मुसो’, म्हणजे ‘ज्यास जोडी नाहीं असा’, हा किताब मिळविला, असें सांगतात. हिदेयोशी सन १५९८ त वारला. उलट अर्वाचीन पुस्तकांत हाच हासेगावा क्योहो शकांत, म्हणजे सन १७१६ ते १७३६ या काळांत, एदो शहरीं बान्नो याजजवळ शिकला, असेंही लिहिलेलें आढळतें. दोन विधानांत शंभरांवर वर्षांचें अंतर पडतें. तेव्हां दोन्ही खरीं असणें शक्य नाहीं. पैकीं दुसरें तर उघड चुकीचें आहे. नववा पुरुष रोकुदायू हा तोसाचा चौथा अधिपति यामाउची तोयोमासा याचे पदरीं होता. तोयोमासाची कारकीर्द सन १७०० त संपली, व रोकुदायू स्वतः सन १७३२ त सत्तरीच्या घरांत असतां वारला. ज्याचा प्रशिष्य क्योहो शकाच्या आरंभीं पन्नाशी ओलांडलेला होता, तो गुरु त्याच शकांत शिष्य म्हणून शिकत होता, हें संभवत नाहीं. पहिलें विधानही जमत नाहीं. कारण सन १५४२ त जन्मलेल्या मूळ पुरुषाच्या हयातींतच सातव्या पिढीनें किताब मिळवावा असें त्यावरून होतें. सारांश, हासेगावाचा काल सतराव्या शतकांत पडतो एवढेंच ग्राह्य धरावें, व किताबाची कथा संप्रदायाचें भूषण म्हणून बाजूस ठेवावी.

(३) रोकुदायू याच्यापासून मात्र आपण घट्ट जमिनीवर येतों. त्यानें ही विद्या एदोहून तोसांत आणिली. शिवाय ओमोरी रोकुरोझाएमोन हा त्याचा तलवारबाजींतील गुरु होता. याजकडून आलेले, गुडघे मोडून बसून करावयाचे अकरा प्रयोग त्यानें आपल्या संप्रदायास जोडले. आज विद्यार्थी ज्या पाठापासून आरंभ करितो तो एइशिनचा नव्हे, ओमोरीचा होय. मूळ एइशिनचे दहा प्रयोग त्यानंतर येतात. म्हणजे दोन शाखा होण्यापूर्वींच या प्रवाहांत दुसरें पाणी मिसळलें होतें. ‘शुद्ध मूळ परंपरा’ अमक्याच शाखेची, असें म्हणणारानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

रोकुदायूनंतर त्याचा दत्तक पुत्र यासुदायू मासाताका हा दहावा, व ओगुरो मोतोएमोन कियोकात्सु हा अकरावा. ओगुरोच्या पश्चात् परंपरा दुभंगली.

एका शाखेंत बारावा हायाशी मासुनोजो, तेरावा योदा मान्झो, चौदावा हायाशी यादायू, पंधरावा तानिमुरा कामेनोजो व सोळावा गोतो मागोबेई मासासुके असे पुरुष झाले. हिला तानिमुरा शाखा म्हणतात. दुसरींत बारावा मात्सुयोशी तेइसुके, तेरावा यामाकावा क्यूझो, चौदावा शिमोमुरा मोइची व पंधरावा होसोकावा योशिमासा. ही शिमोमुरा शाखा.

येथें नांवांकडे लक्ष द्यावें. फूट ओगुरोनंतर पडली. परंतु शाखांस नांवें मिळालीं तीं एकोणिसाव्या शतकांतील तानिमुरा व शिमोमुरा यांचीं. जीं नांवें चौदाव्या व पंधराव्या पुरुषांचीं आहेत तीं बाराव्याच्या वेळीं प्रचारांत असणें शक्य नाहीं. अर्थात् मासुनोजो व मात्सुयोशी यांनीं आपणांस प्रतिपक्षी मानिलें असेल असें समजून चालणें म्हणजे नातवांचा तंटा आजोबांच्या माथीं मारणें होय. दोघेही एकाच संस्थानांत, एकाच धन्याचे पदरीं, तीच विद्या शिकवीत होते. भिन्न गुरूंच्या हाताखालीं शिकलेल्या दोन शिष्यमालिका, एवढाच त्या फुटीचा मूळ अर्थ दिसतो.

वडीलपणाचा प्रश्न निघतो तेव्हां तानिमुरा शाखेचें मोठें बळ असें कीं, तिच्या यादींत बाराव्या व चौदाव्या ठिकाणीं हायाशी हें मूळ घराणें पुन्हां येतें. शिमोमुरा शाखेचें बळ निराळ्या प्रकारचें आहे. तें कागदाचें आहे, व त्याचा विचार पुढें येईल.

(४) सन १८७१ त संस्थानें खालसा झालीं व सन १८७६ त तलवार बाळगण्यास बंदी झाली. खड्गविद्येचा राजाश्रय गेला, आणि संस्थानाबाहेर न शिकविण्याचा जो निर्बंध होता त्याचा अर्थही उरला नाहीं. या पडत्या काळांत प्रसिद्ध लोकपक्षी पुढारी इतागाकी ताइसुके हा मूळचा तोसाचाच, त्यानें या विद्येचा कैवार घेतला व गोतो यास पुढें आणिलें.

या पिढींत दोन शाखांमधील भिंत किती पातळ होती तें दोन उदाहरणांवरून दिसेल. ओए मासामिची (१८५२-१९२७) हा तानिमुरा शाखेचा सतरावा पुरुष. हल्लीं ही विद्या प्रारंभ, मध्य व अंतिम अशा ज्या तीन पायऱ्यांनीं शिकवितात ती मांडणी त्याची. परंतु त्याचा आरंभींचा अभ्यास शिमोमुरा मोइची याजकडे झाला, व मागाहून तो गोतो याजकडे आला. तानिमुरा शाखेचा उद्धारकर्ता अशा रीतीनें शिमोमुरा शाखेच्या अंगणांत वाढला. उलट शिमोमुरा शाखेच्या याद्यांत ज्यास सोळावा म्हणून बसवितात तो नाकायामा हाकुदो (१८७२-१९५८) हा तोसाचा नव्हेच. तोक्यो शहरांत आखाडा चालविणारा हा खड्गपंडित इतागाकीच्या शिफारशीनें तोसांत आला, व होसोकावाबरोबरच तानिमुरा शाखेच्या मोरिमोतो तोकुमी याजकडेही शिकला. त्याच्या शिष्यसमुदायांत ‘मुसो शिन्देन र्यू’ हें नांव रूढ झालें, आणि आज शिमोमुरा शाखा म्हटली म्हणजे बहुधा हाच समुदाय समजतात. होसोकावाचे तोसांतील इतर शिष्य त्यामुळें झांकोळून गेले.

तेव्हां दोन्ही बाजूंचे अग्रणी दोन्ही पाणी प्यालेले होते. यादी मात्र एका पुरुषास एकच गुरु देते. कारण यादीस रेघ एकच ओढतां येते.

ओएच्या पश्चात् तंटा दोन शाखांमधला न राहतां एका शाखेच्या पोटांत शिरला. संप्रदायाचा मुख्य लेख म्हणजे ‘कोन्गेन नो माकी’ या नांवाची गुंडाळी. ती ओएनें एकाहून अधिक शिष्यांस दिली. होकियामा नामिओ हा अठरावा गणला गेला. पण तो सन १९३५ तच वारला. त्याचेनंतर फुकुई हारुमासा एकोणिसावा व कोनो ह्याकुरेन विसावा अशी एक मालिका ओसाका शहराकडे गेली. इकडे मासाओका काझुमी, मोरी शिगेकी, तसेंच तोसाच्या अधिपतींच्या कुळांतील यामाउची तोयोताके, या ओएच्या प्रत्यक्ष शिष्यांनीं आपापल्या मालिका चालविल्या. गुंडाळीस सनद मानिलें तर प्रत्येकाजवळ सनद आहे. आणि सनद ही एकट्या वारसाचें पत्र नसून पूर्ण शिकल्याचा दाखला आहे असें मानिलें, तर तंट्याचें मूळच उरत नाहीं. आमचे मतें दुसरा अर्थ कागदांस अधिक जुळतो.

(५) आतां हस्तलिखिताकडे वळूं. शिमोमुरा शाखेचा तेरावा पुरुष यामाकावा क्यूझो यानें सन १८१९ त ‘शिन्देन र्यू हिशो’ या नांवाचें टिपण आपल्या शिष्यास लिहून दिलें. गुरूनें शिष्यास एकांतांत द्यावयाचें तें गुह्य पुस्तक असल्यामुळें त्याची भाषा त्रोटक आहे. पण प्रयोगांचीं नांवें व क्रम त्यांत बैजवार आहेत. ओमोरीचे अकरा व एइशिनचे दहा प्रयोग तर आहेतच. शिवाय दोघांनीं मिळून करावयाचे ‘ताची उची नो कुराई’ या नांवाचे दहा, निकट बसून करावयाचे दहा, मोठ्या व लहान तलवारीच्या झटापटीचे निराळे पाठ, आणि नात्सुबारा संप्रदायाची कुस्तीची विद्याही त्यांत नमूद आहे.

या यादीशीं आजचा पाठ ताडून पाहतां असें दिसतें कीं, ओएनें मांडणी करितांना पुष्कळ भाग गाळला व कांहींस नवीं नांवें दिलीं. दुहेरी प्रयोग त्याच्या पाठांत दहांचे सात झाले. नाकायामाच्या समुदायांत तर दुहेरी प्रयोगांचा प्रचार फारच थोडा राहिला. म्हणजे सन १८१९ चें पुस्तक साक्षीस बोलाविलें असतां दोन्ही शाखांचा ‘आमचेंच मूळ’ हा दावा सारखाच लंगडा पडतो. आणि दोन्ही शाखांत जें सामाईक राहिलें आहे तें मात्र निःसंशय जुनें ठरतें.

याहून ध्यानांत धरण्याजोगी गोष्ट त्या पुस्तकाच्या प्रसिद्धीची आहे. तें लिहिलें शिमोमुरा शाखेच्या गुरूनें. परंतु सन १९५५ त इतर जुन्या टिपणांसह तें छापून बाहेर काढिलें तें तानिमुरा शाखेच्या विसाव्या पुरुषानें, कोनो ह्याकुरेन यानें. त्यानें स्वतः ज्या ओएच्या मांडणीचा पुरस्कार केला, तिच्यांतील उणें या छापील पुस्तकावरून कोणासही काढतां येतें. तरीही त्यानें भाऊबंदाचा कागद दडविला नाहीं, कीं त्यांतला पाठ आपल्या सोईनें फिरविला नाहीं. गाळलेले प्रयोग पुन्हां उभे करण्याचा यत्न पुढें ज्यांनीं केला, त्यांस हेंच पुस्तक आधार झालें.

(६) निष्कर्ष असा: पहिल्या सात पुरुषांची यादी ही श्रद्धेची यादी असून तींतील कालनिर्देश तपासल्यावांचून घेऊं नयेत. नवव्या पुरुषापासून परंपरा ऐतिहासिक आहे. दोन शाखांचा भेद खरा आहे, पण त्यांचें वैर मागाहून चिकटलेलें आहे. आणि कोणती शाखा वडील हा प्रश्न, कागदांपुढें ठेविला असतां, कोणत्या शाखेनें काय राखिलें या प्रश्नांत विरून जातो. आपल्याकडेही कित्येक घराण्यांतील कागद प्रतिपक्षाच्या हातीं पडतील या भीतीनें पेटींतच वाळवीच्या तोंडीं गेले. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं कोनोचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें, एवढी विनंति करून हा लेख पुरा करितों.